बावीस नंबरचे इंजिन



आपल्या या मालिकेत बहुतेक वेळा लढाया आणि सेनापती यांच्याबद्दल बोलणे होते. आज एका वाफेच्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. त्याचाही एका युद्धाशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

सरावलेले रेल्वेप्रेमी एकत्र आले की दिल्लीच्या ‘फेअरी क्वीन’वरून वाद हमखास होतो. एक म्हणतो, जगातले सर्वांत जुने चालते इंजिन. दुसरा विचारतो, त्यात १८५५ सालचे उरले तरी काय? हा वाद पोरकट नाही. आपण वारसा म्हणतो तेव्हा नेमके काय जपतो, असा तो प्रश्न आहे.

आधी हकिकत. हे इंजिन इंग्लंडमधील लीड्सच्या किटसन, थॉम्पसन अँड ह्युइट्सन या कारखान्यात १८५५ साली बांधले गेले आणि त्याच वर्षी कलकत्त्याला आले. ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला २२ हा क्रमांक दिला. ‘फेअरी क्वीन’ हे नाव १८९५ साली मिळाले. म्हणजे पहिली चाळीस वर्षे ते नुसतेच बावीस नंबरचे इंजिन होते. हावडा ते राणीगंज या मार्गावर ते टपालाच्या हलक्या गाड्या ओढत असे.

हलक्याच का, हे त्याच्या रचनेवरून कळते. इंजिनाला पुढे दोन लहान चाके, मध्ये दोन मोठी आणि मागे पुन्हा दोन लहान. वाफेचा जोर फक्त मधल्या जोडीला मिळतो. या चाकांचा व्यास सहा फूट, म्हणजे माझ्यापेक्षा उंच. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, म्हणून सपाट रुळांवर पळायला बरे. पण सगळी पकड एकाच आसावर असल्यामुळे चढावर किंवा जड गाडीला ते घसरते. बंगालच्या सपाटीवर टपाल नेण्यासाठी ही मांडणी योग्य होती. बोरघाटात तिचा काही उपयोग झाला नसता.

पाण्यासाठी वेगळा टेंडर जोडलेला नाही. टाकी इंजिनाच्या पोटातच, सांगाड्याच्या मधोमध बसवलेली आहे. तीत सुमारे ३,००० लिटर पाणी मावते. इंजिनाचे वजन २६ टन, ताकद १३० अश्वशक्ती आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास.

आता एक बारकावा पाहा. चालू बॉयलरमध्ये आतल्या दाबाविरुद्ध पाणी ढकलणारे इंजेक्टर नावाचे साधन फ्रान्सच्या जिफार्ड यांनी १८५८ साली शोधले. हे इंजिन त्याआधीचे. त्या काळच्या इंजिनांत पाण्याचा पंप चाकांच्या हालचालीवर चाले. इंजिन उभे राहिले की पंप बंद. मग बॉयलरमध्ये पाणी भरण्यासाठी चालक इंजिन रिकामेच पुढे-मागे फिरवत. पुढे इंजेक्टर आले आणि ती गरज संपली. सांगायचा मुद्दा असा, की कामावर असलेले कोणतेही इंजिन जन्माच्या दिवशी होते तसे राहत नाही. कामासाठीच ते बदलत जाते.

आता युद्धाकडे येऊ. १८५७ साली कलकत्त्याहून वर जाणारी रेल्वे राणीगंजला संपत होती. मद्रासहून आणि समुद्रापलीकडून आलेले सैनिक राणीगंजपर्यंत रेल्वेने जात आणि तिथून ग्रँड ट्रंक रोडने, अनेकदा बैलगाड्यांतून, पुढे सरकत. हे इंजिनही तेव्हा सैनिकांच्या गाड्यांना जुंपले होते. मद्रास फ्युझिलियर्सचा कर्नल नील हावड्याला आला तेव्हा त्याची काही माणसे नदी ओलांडून यायची होती. रेल्वेचे अधिकारी गाडी थांबवायला तयार होईनात. नीलने त्यांना पहाऱ्यात ठेवले आणि माणसे चढल्यावरच गाडी सोडू दिली. तिला कोणते इंजिन होते हे महत्त्वाचे नाही. त्या रस्त्याने नील बनारसला आणि अलाहाबादला पोहोचला, आणि तिथे त्याच्या हाताखाली लोकांना कसे फासावर चढवले गेले हे इतिहासात नोंदलेले आहे.

लष्करात काढलेल्या वर्षांनी मला एक शिकवले आहे. लढाईत शौर्याइतकीच कुमक वेळेवर पोहोचण्याला किंमत असते. १८५७ मध्ये ती वेळ इंग्रजांना रुळांनी आणि तारायंत्राने मिळवून दिली. म्हणून या इंजिनाचे पितळ चमकताना पाहून मला आनंद होतो, आणि त्याच वेळी काहीतरी टोचतेही. दोन्ही भावना खऱ्या आहेत.

पुढे ते बिहारमध्ये लोहमार्ग बांधणीच्या कामावर होते. १९०९ साली त्याला निवृत्ती मिळाली. बरीच वर्षे ते हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे होते. १९४३ साली उत्तर प्रदेशातील चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेले आणि नंतर दिल्लीच्या चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आले.

आपल्या ब्रॉड गेजवरची वाफेची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर-फिरोजपूर मार्गावर शेवटची धावली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १८ जुलै १९९७ रोजी, ८८ वर्षांच्या विश्रांतीनंतर हे इंजिन पुन्हा मुख्य मार्गावर आले. दुरुस्ती चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात झाली. ऑक्टोबरपासून ते दिल्ली छावणी ते अलवर अशी पर्यटकांची गाडी ओढू लागले. १९९८ साली गिनेस बुकात नोंद झाली.

ती नोंद नीट वाचा. ‘नियमित सेवेतील’ सर्वांत जुने वाफेचे इंजिन, असे तिचे शब्द आहेत. अमेरिकेतील १८३१ सालचे ‘जॉन बुल’ १९८१ मध्ये पुन्हा वाफेवर चालवून दाखवले होते. आपल्याच बावीस नंबरच्या पाठचा भाऊ, २१ नंबरचे ‘एक्स्प्रेस’, हेही १८५५ चेच. तेही २०१० साली पेरांबूरने चालू केले. ‘नियमित’ हा शब्द गाळला की अभिमानाची फुशारकी होते.

पुढची कथा फार सुखाची नाही. २०११ च्या सुमारास इंजिनाचे काही भाग चोरीला गेल्याच्या बातम्या आल्या. पुन्हा पेरांबूर, पुन्हा दुरुस्ती. मध्ये परत खंड पडला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ते दिल्ली छावणी ते रेवाडी असे धावले.

मग १८५५ चे उरले काय? आमच्याकडे रायफलच्या मुख्य भागांवर क्रमांक असतो आणि प्रत्येक गाडीचे लॉगबुक असते. कोणता भाग कधी बदलला, कोणी बदलला, सगळे त्यात लिहिलेले. भाग बदलल्याने गाडी खोटी ठरत नाही. नोंद नसली तर मात्र तिच्याबद्दल काहीच खात्रीने सांगता येत नाही. जुन्या इंजिनालाही हाच नियम लावावा असे मला वाटते. प्रत्येक बदललेल्या भागाची नोंद ठेवावी, काढलेला जुना भाग भंगारात न देता जपून ठेवावा, आणि हे सर्व लोकांसमोर मांडावे.

दुसरे म्हणजे हात. थंड बॉयलर घाईने तापवला तर लोखंड असमान प्रसरण पावते आणि सांधे गळू लागतात. म्हणून कित्येक तास आधी विस्तव हळूहळू वाढवावा लागतो. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी सतत पाहावी लागते. ती फार खाली गेली तर भट्टीचा माथा उघडा पडतो आणि स्फोटाची भीती असते. हे ज्ञान पुस्तकात लिहिलेले आहे, पण ते टिकते फिटर आणि फायरमन यांच्या अंगवळणी. वाफेवर उमेदवारी केलेले ते लोक आज माझ्याच वयाचे किंवा मोठे आहेत. चौथऱ्यावरचे इंजिन लोखंड जपते. चालते इंजिन हे हातही जपते, आणि मला ते जास्त मोलाचे वाटते.

मुंबई-ठाणे मार्गावर १८५३ साली पहिली गाडी ओढणारी इंजिने आज आपल्याकडे नाहीत. बावीस नंबर राहिले. तुम्ही ते पाहायला जाल तेव्हा मुलांना सहा फुटी चाक जरूर दाखवा. त्या चाकांनी टपाल वाहिले आणि फौजाही वाहिल्या, हेही त्यांना सांगा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.