तालमीतली माती आणि बालवाडीचे अंगण

घसरगुंडीखाली जमीन कशी हवी, हा प्रश्न नवा वाटतो. पण पडणाऱ्या शरीराचा विचार पुण्याच्या पेठांतल्या तालमींनी फार पूर्वीच केला होता. हौद्यातली लाल माती चाळायची, तीत तेल, ताक, हळद मिसळायची आणि रोज कुस्तीआधी ती खणून भुसभुशीत करायची. आम्हांला यांत खणण्याचे महत्त्व सर्वांत जास्त वाटते.

असे पाहा. दीड मीटरवरून पडलेले डोके १ सेंटिमीटर अंतरात थांबले, तर त्याचे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १५० पट असते. १० सेंटिमीटरांत थांबले तर १५ पट. फरशीवर तो १ सेंटिमीटरही मिळत नाही. तुडवून घट्ट झालेली मातीही फारशी दबत नाही. म्हणून खणणे रोजचे. (गादीला खणावे लागत नाही. मातीत वाढलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गादीवर सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले.)

बोस्टनमध्ये १८८५ साली, बर्लिनचे पाहून, मुलांसाठी वाळूचे ढीग टाकले गेले. अमेरिकेतल्या क्रीडांगणांची सुरुवात ती. पुढे तिथेच डांबर आले आणि १९८१ साली सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगाला कठीण जमिनीविरुद्ध पुस्तिका काढावी लागली!

आपल्याकडे चिखल नको म्हणून अंगणात फरशी बसते आणि घसरगुंडी तीवरच उभी राहते. तिच्याखाली दीड वीत वाळू आणि कोपऱ्यात एक फावडे, एवढे बहुतेक शाळांना जमेल. पावसाळ्यात ओली वाळू दबून बसते, तेव्हा फावडे अधिक वेळा हाती घ्यावे लागेल.