नकाशातली रेघ आणि पैनगंगेचं पाणी

भूगोलाचा पेपर जवळ आला की मुलं दुकानातून नकाशाचा कोरा आराखडा आणतात. 'पुढील बाबी दाखवा व सूची तयार करा' हा प्रश्न ठरलेला. नदी निळी, डोंगर तपकिरी, सीमेची रेघ तुटक. गुण मिळतात आणि नकाशा दप्तरात जातो. ती तुटक रेघ तिथं कुणी ओढली, केव्हा ओढली आणि तिच्या अल्याड-पल्याडच्या माणसांचं पुढं काय झालं, हे मात्र विचारायचं राहून जातं. मला वाटतं, जगातल्या संस्कृतींचा अभ्यास याच प्रश्नापासून सुरू व्हावा. त्यासाठी एकदम इजिप्त-ग्रीसला जाण्याची गरज नाही. आपल्या डोंगरकड्यापासूनही सुरुवात करता येते.

गावाच्या नावातच डोंगर आहे. म्हणजे भूगोल आधी आला, गाव मागाहून. आता शब्द पाहा. 'भूगोल' हा संस्कृत शब्द. पृथ्वी गोल आहे हे त्यानं पोटातच ठेवलंय. 'नकाशा' आला अरबीतल्या नक्शवरून. जिल्हा, तालुका, तहसील हेही मूळ अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आले. आणि गावाची हद्द सांगताना शेतकरी म्हणतो 'शीव', तो शब्द संस्कृतातल्या सीमेचा. सातबारा काढायला निघालेला माणूस वाटेत दोन-तीन संस्कृतींचे शब्द सहज बोलून जातो. वर्गात मुलांना हे सांगितलं, तर परका शब्द कुठला आणि आपला कुठला, याबद्दलचा त्यांचा आग्रह थोडा सैल होईल.

नकाशा काढणाऱ्याचाही एक हेतू असतो. १८०२मध्ये विल्यम लॅम्टन यानं मद्रासजवळ हिंदुस्थानच्या मोजणीला आरंभ केला. सुमारे अर्धा टन वजनाचं यंत्र माणसांकरवी वाहून नेत, टेकड्यांवरून कोन मोजत ही मोजणी उत्तरेकडं सरकली. बीदरकडून वऱ्हाडाकडं जाताना ती आपल्याच मुलखातून गेली. लॅम्टन १८२३मध्ये हिंगणघाटला वारला, आणि पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. शास्त्र म्हणून ही कामगिरी मोठीच. पण ज्यानं जमीन मोजली, त्याला फौजा हलवणं आणि महसूल बसवणं सोपं गेलं, हेही तितकंच खरं.

आता पैनगंगेकडं या. १८५३मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि जी नदी दोन्ही काठांची शेतं भिजवत होती, ती एकाएकी दोन राजवटींची सरहद्द झाली. अलीकडं कळमनुरी, हदगाव निजामाचे. पलीकडं उमरखेड, पुसद इंग्रजी अमलाखाली. अलीकडं हाली सिक्का, पलीकडं कलदार. अलीकडच्या कचेरीत उर्दू, पलीकडच्या कचेरीत मराठी. बोली एक, देव-पीर एक, सोयरिकी एकमेकांत. पण अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा हे नावेतून उतरल्यावर ठरायचं. पलीकडं मराठी शाळा, तर अलीकडं उच्च शिक्षणासाठी १९१८मध्ये उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ निघालं. पुढं १९४७-४८मध्ये हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात हीच रेघ कामाला आली. संस्थानाच्या सरहद्दीबाहेर कार्यकर्त्यांनी शिबिरं उभारली. नदी तीच, पण रेघेमुळं दोन काठांचा इतिहास दोन तऱ्हांनी घडला.

१९४०च्या सुमारास डोंगरकड्यात जन्मलेल्या माणसाचा हिशेब मांडा. तो निजामाच्या राज्यात जन्मला. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ला तो मुंबई राज्याचा झाला, १ मे १९६०ला महाराष्ट्राचा. तोवर त्याचा जिल्हा परभणी होता. १ मे १९९९ला हिंगोली झाला. गाव सोडून तो कुठं गेला नाही. नकाशे मात्र त्याच्यावरून येत-जात राहिले.

१९५६ची वाटणी भाषेवर झाली आणि ती बऱ्याच अंशी न्याय्य होती. लोकांना आपल्या भाषेत कारभार हवाच होता. पण भाषा काही कुंपणाशी थांबत नाही. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडं आले. आदिलाबादचा किनवट नांदेडला जोडला. नांदेडमधला मुधोळ-भैंसाचा भाग आंध्रात गेला आणि २०१४पासून तो तेलंगणात आहे. तिथं मराठी आजही कानावर पडते, आणि आपल्याकडं देगलूर-धर्माबादच्या बाजारात तेलुगू. भाषेच्या नकाशात मात्र एका जिल्ह्याला एकच रंग. माझ्यासारख्याच्या घरात आई-वडिलांशी बोलायची दखनी आणि कविता लिहायची मराठी. असल्या घराला कुठला रंग द्यायचा? मराठवाड्यात अशी घरं गावोगाव आहेत. मुलांना एकच रंग शिकवला, की शेजारचं घर त्यांना नकाशाबाहेरचं वाटू लागतं. मला भीती वाटते ती याची.

म्हणून जगाचे दोन नकाशे प्रत्येक वर्गात शेजारी शेजारी लावावेत. पहिला अल्-इद्रिसीचा. सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्यासाठी या मुसलमान भूगोलतज्ज्ञानं तो ११५४मध्ये पुरा केला. त्यात दक्षिण वर आहे. दुसरा १५६९चा मर्केटरचा. दर्यावर्दी लोकांना होकायंत्राच्या दिशेनं सरळ जाता यावं म्हणून तो काढला. पण त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी असून दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. दोघांपैकी खोटं कुणीच बोललेलं नाही. आपण कुठं उभे आहोत आणि कशासाठी पाहतोय, यावर चित्र बदलतं. चौदा वर्षांच्या मुलाला एवढं उमगलं, तरी जगाकडं पाहण्याची त्याची रीत बदलते.

रेघांच्या नकाशाखाली आणखी एक नकाशा असतो, वाटांचा. आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. त्यांची वाणी पंजाबात रुजली; गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंजाबची वाट परत इकडंही आली. गुरू गोविंदसिंगांनी १७०८मध्ये गोदाकाठी नांदेडला देह ठेवला. या दोन वाटा कुणा सरकारनं आखल्या नव्हत्या.

आणि केळी! इसापूर धरणाचं पैनगंगेचं पाणी कालव्यानं या भागात आलं आणि डोंगरकडा-अर्धापूरचा पट्टा हिरवा झाला. पण केळीची लागवड माणसानं सुमारे ७,००० वर्षांपूर्वी न्यू गिनीच्या बाजूला सुरू केली. हिंदी महासागराच्या वाटेनं ती आफ्रिकेत पोचली. तिथल्या एका भाषेतून पोर्तुगीजांनी 'बनाना' हे नाव उचललं, आणि १५१६मध्ये कॅनरी बेटांवरून ती कॅरिबियन बेटांवर गेली. आज आपल्या मळ्यात जी ग्रँड नैन लावतात, तिचं नाव फ्रेंच, अर्थ 'मोठी बुटकी'. आणि तिचं कॅव्हेंडिश कूळ ओळखलं जातं इंग्लंडातल्या एका उमराव घराण्याच्या नावानं. गावातून निघणाऱ्या केळीच्या ट्रकात असा अर्ध्या जगाचा भूगोल भरलेला असतो.

शिक्षकांना एक सोपा उपक्रम सुचवतो. तिसरीत मुलं आपला जिल्हा शिकतात, तेव्हाच तो करून घ्यावा. प्रत्येकानं घरी जाऊन आईचं, आजीचं आणि पणजीचं माहेर विचारून यावं. फळ्यावर आपल्या भागाचा मोठा नकाशा काढावा. एखाद्या दिवशी मुद्दाम दक्षिण वर ठेवून. मग गावापासून त्या प्रत्येक माहेरापर्यंत एकेक रेघ ओढावी. कुणाची रेघ हदगावला जाईल, कुणाची पैनगंगा ओलांडून उमरखेडला, एखादीची राज्याची हद्द ओलांडून भैंशाला. या सगळ्या रेघा जिल्ह्यांच्या, जुन्या संस्थानांच्या आणि भाषांच्या सीमा बिनदिक्कत ओलांडतील. त्या वाटांनी बायांनी ओव्या नेल्या, लोणच्याची रीत नेली, बोलण्याची ढब नेली. फळ्यावर हे सारं उमटलं, की संस्कृती म्हणजे काय, याची निराळी व्याख्या मुलांना पाठ करावी लागणार नाही.

(रेडिओवरील भाषण, संपादित)