विंचूदंश : पहिला उपचार जवळच्या आरोग्य केंद्रातच का?

भाट्ये असो वा कोकणातले दुसरे कोणतेही गाव, जांभ्या दगडाचे बांध, नारळाच्या सोडणांचे ढीग आणि लाकूडफाटा घराला लागूनच असतो. लाल विंचू अशाच जागी लपतो. त्याच्या दंशाने जिवाला धोका होऊ शकतो, विशेषतः लहान मुलांच्या. मात्र योग्य औषध वेळेवर मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

शरीरात काय होते?

विषामुळे ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम वाढतात. रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि काही तासांत फुप्फुसात पाणी साचू शकते.

धोक्याची लक्षणे

- उलट्या, दरदरून घाम
- हातपाय थंड पडणे
- तोंडात खूप लाळ येणे
- मुलग्यांत व पुरुषांत लिंग ताठ राहणे
- धाप लागणे, खोकल्यातून गुलाबी फेस येणे

वेदना किती आहे, यावरून धोका ठरवू नका. दुखणे कमी असूनही विष अंगात भिनलेले असू शकते.

प्रशिक्षणाने काय बदलले?

डॉ. हिंमतराव बावसकर 1976 मध्ये रायगड जिल्ह्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि 1980च्या दशकात 'प्राझोसिन' ही रक्तदाबाची साधी गोळी या विषबाधेवर वापरली. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. नंतर हे प्रमाण 4 टक्क्यांच्या आत आले.

औषध सापडले एवढ्यानेच हे झाले नाही. गावपातळीवरच्या डॉक्टरांनाही लक्षणे ओळखून लगेच गोळी द्यायला शिकवले गेले. प्रशिक्षित कर्मचारी नाडी, रक्तदाब, श्वास आणि हातापायांचा गारवा तपासतात, वजनानुसार प्राझोसिन देतात आणि रुग्णावर लक्ष ठेवतात. गोळीनंतर रुग्ण एकदम उठला तर रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून त्याला झोपवून ठेवतात. गरजेनुसार विंचवावरची लसही देतात. ही लस सापाच्या विषावरील लसीपेक्षा वेगळी असते.

तुम्ही काय करावे?

- दंशाची वेळ लक्षात ठेवा.
- रुग्णाला धीर द्या, चालवू नका.
- 108 वर फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. भाट्येहून पूल ओलांडला की रत्नागिरी शहर आणि जिल्हा रुग्णालय जवळच आहे. आतल्या वाडीत राहत असाल तर आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.
- मुलाला बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील तोवर, साधारण 24 तास, देखरेखीखाली ठेवा.

काय करू नये?

- दोरी बांधणे, चिरा देणे, चोखणे टाळा.
- विंचू उतरवणाऱ्याकडे जाण्यात वेळ घालवू नका.
- घरातल्या कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका.

आधीच विचारून ठेवा

पावसाळ्यापूर्वी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा : येथे प्राझोसिन आहे का? लस आहे का? रात्री डॉक्टर असतात का? उत्तर 'नाही' असेल तर कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने जायचे, हे घरात आजच ठरवून ठेवा.