बाटली, टोपली आणि दिवा

टेरीकॉटचा सदरा आणि थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली यांचे नाते काय, असे वर्गात विचारले तर मुले बुचकळ्यात पडतील. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही सख्खी भावंडे आहेत. इंग्लंडमधील व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजेच 'पेट', शोधले ते कापडाच्या धाग्यासाठी. तोच टेरिलीनचा धागा.

या धाग्याची बाटली व्हायला तीसेक वर्षे लागली. पेयातील वायूच्या दाबाने त्या वेळच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या फुगत. अमेरिकन अभियंता नॅथॅनिएल वाएथ यांनी पेटची बाटली लांबीत आणि घेरात, अशी दोन्ही दिशांना ताणून घडवली. १९७३ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. ताणल्यामुळे लांबलचक रेणू कापडातील ताण्याबाण्यासारखे उभे-आडवे रचले जातात. म्हणून पातळ असूनही बाटली दाब सोसते. पण काही मिनिटांत रिकामी होणारी ही वस्तू फेकल्यावर कुजत मात्र नाही.

स्पॅनिश रचनाकार आल्वारो कातालान दे ओकोन यांना २०११ साली कोलंबियात हाच प्रश्न भेटला. अॅमेझॉनमध्ये बाटल्यांचा कचरा साचत होता. त्यांना आठवली 'चासेन', म्हणजे चहा घुसळण्याची जपानी रवी. ती एकाच बांबूच्या तुकड्याची असते. मूठ अखंड आणि पुढचे टोक चिरून केलेल्या बारीक काड्या. बांबूचे तंतू उभे असल्याने तो सरळ चिरला जातो. बाटली तशी चिरत नाही, ती कात्रीने कापावी लागते. तिची मान अखंड ठेवून खालच्या भागाच्या उभ्या पट्ट्या केल्या, की झाला टोपलीचा ताणा!

आता बाणा हवा. कोलंबियातील काउका प्रांतातून यादवी संघर्षामुळे विस्थापित झालेल्या आदिवासी कारागिरांना घेऊन २०१२ साली बोगोटा शहरात पहिले दिवे विणले गेले. घर सुटले होते, पण वीण हातात होती. तिच्यातूनच त्यांना काम मिळाले. धागा म्हणून जन्मलेला पदार्थ पुन्हा विणकामात आला.

या दिव्यांनी कचऱ्याचा डोंगर हटेल, असे मात्र आपण मानू नये. एका दिव्याला एकच बाटली लागते, आणि बाटल्या रोज कोट्यवधी तयार होतात. मूळ उपाय कमी वापरणे हाच.

वर्गात एक प्रयोग करून पाहू. बाटलीची पट्टी चिमट्याने उकळत्या पाण्यात धरू. ती आक्रसते, वाकडी होते. कारण ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे पेट मऊ पडते आणि ताणलेले रेणू पुन्हा गोळा होतात. म्हणूनच अशा दिव्यात तापणारा तारेचा बल्ब नको, एलईडी हवा. मग गावातल्या बुरुडाला शाळेत बोलावू. ताणा कसा धरावा, हे त्याच्याइतके चांगले आपल्याला शिकवता येणार नाही.