पत्नीच्या हट्टाने चाललेले हृदय

८ ऑक्टोबर १९५८. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. त्यांच्या हृदयाची गती मंदावून दिवसातून २०-३० वेळा शुद्ध हरपायची. पत्नी एल्स-मारी यांनी हट्ट धरला, म्हणून अभियंता रूने एल्मक्विस्ट आणि शल्यविशारद ओके सेनिंग तयार झाले.

ते यंत्र काही तासांतच बंद पडले. ते एकाच ठरलेल्या गतीने ठोके देई; आजचा पेसमेकर आधी हृदयाची स्वतःची चाल पाहतो, गरज असेल तेव्हाच ठोका देतो. या साऱ्या प्रवासात लार्सन यांनी वीसहून अधिक यंत्रे बदलली.

२००१ मध्ये ८६व्या वर्षी ते गेले, तेही कर्करोगाने. एल्मक्विस्ट आणि सेनिंग त्यांच्याआधीच निवर्तले होते. वैद्यकाच्या इतिहासात या दोघांची नावे येतात. एल्स-मारी यांचेही यायला हवे.