इराक युद्ध आणि ब्रिटनमधले शहीद सैनिकांचे आईबाप : एका लढ्याची माहिती

इराक युद्धात २००३ ते २००९ या काळात ब्रिटनचे १७९ सैनिक व लष्करी कर्मचारी मरण पावले. त्यांतले १३६ शत्रूच्या कारवाईत गेले, बाकीचे अपघात, आजार आणि इतर कारणांनी. ब्रिटनच्या आधीच्या युद्धांशी तुलना केली तर हा आकडा मोठा नाही. तरीही या युद्धाने एक गोष्ट नवी घडवली. मेलेल्या सैनिकांचे आईबाप उघडपणे रस्त्यावर आले आणि त्यांनी सरकारला विचारलं, आमची मुलं नेमकी कशासाठी मेली? या पालकांची संघटना 'मिलिटरी फॅमिलीज अगेन्स्ट द वॉर' २००४ मध्ये उभी राहिली. ग्लासगोच्या रोझ जेंटल आणि वेल्समध्ये राहणारे रेग कीज ही तिची दोन प्रमुख नावं.

युद्धाला विरोध त्याआधीही होताच. १५ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनमध्ये निघालेला मोर्चा त्या शहराच्या इतिहासातला सर्वांत मोठा मानला जातो. १८ मार्चला संसदेत मतदान झालं. ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मंजुरी मिळाली आणि दोन दिवसांत हल्ला सुरू झाला. सद्दाम हुसेन यांच्याकडे महाविनाशक शस्त्रं आहेत हे मुख्य कारण दिलं गेलं होतं. ती शस्त्रं सापडलीच नाहीत. पण मोर्चातल्या लाखो माणसांचं म्हणणं वेगळं आणि ज्याच्या घरी झेंड्यात गुंडाळलेली पेटी आली त्याचं म्हणणं वेगळं. पहिल्याला 'शांततावादी', 'डावा' म्हणून बाजूला सारता येतं. दुसऱ्याला नाही. शिवाय नोकरीत असलेल्या सैनिकाला राजकीय मत मांडता येत नाही, वर्दीचा नियम आड येतो. घरच्यांना तो नियम लागू नाही. म्हणून सैन्याच्या आतलं बोलणं पहिल्यांदा बाहेर आलं ते या आईबापांच्या तोंडून.

दोन मुलं, दोन प्रश्न

रेग कीज यांचा मुलगा थॉमस लष्करी पोलिसांत लान्स कॉर्पोरल होता. २४ जून २००३ रोजी इराकच्या दक्षिण भागातल्या माजार अल-कबीर गावात, एका पोलीस ठाण्यात, जमावाने सहा ब्रिटिश लष्करी पोलिसांना मारलं. थॉमस त्यांतला एक. एकविसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. युद्ध 'संपलं' असं जाहीर होऊन तेव्हा जवळजवळ दोन महिने झाले होते. चौकशीत पुढे आलं की या जवानांजवळ माणशी ५० गोळ्या होत्या आणि मदत मागवायला धड संपर्कसाधन नव्हतं. २००६ साली कोरोनरने ही बेकायदा हत्या असल्याचा निर्णय दिला. दारूगोळा आणि संपर्क यांच्या कमतरतेवर त्याने बोट ठेवलं, मात्र ती नसती तर मुलं वाचलीच असती असं म्हणायला तो तयार झाला नाही.

रोझ जेंटल यांचा गॉर्डन १९ वर्षांचा. काम नव्हतं, बेकारभत्त्याच्या रांगेत होता, तिथून सैन्यभरतीकडे वळला. प्रशिक्षण संपवून इराकला गेला आणि २८ जून २००४ रोजी बसरा शहरात रस्त्याकडेच्या बॉम्बने मारला गेला. त्याच दिवशी इराकची सत्ता कागदोपत्री इराकी सरकारकडे सोपवली गेली होती. रस्त्यावरचे बॉम्ब रिमोटने उडवू नयेत म्हणून गाडीवर एक इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवतात. गॉर्डनच्या गाडीवर ते नव्हतं. यंत्राचा आवश्यक भाग इराकमधल्याच लष्करी गोदामात येऊन पडला होता, फक्त गाड्यांवर बसवायचा राहिला होता. २००७ मध्ये कोरोनरने स्पष्ट म्हटलं की तो बसवलेला असता तर गॉर्डन बहुधा वाचला असता.

लढ्याचे दोन धागे इथूनच निघाले. एक, हे युद्ध कायदेशीर होतं का? दोन, पाठवलंच होतं तर मुलांना सामान नीट का दिलं नाही? बाहेरून बघणाऱ्याला हे एकच वाटतं, पण कोर्टात दोघांचं नशीब अगदी उलटं निघालं. ते पुढे येईलच.

सरळ पंतप्रधानांच्या मतदारसंघात

२८ एप्रिल २००५ रोजी, निवडणूक आठवड्यावर आलेली असताना, सरकारला अ‍ॅटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांचा मूळ सल्ला प्रसिद्ध करावा लागला. ७ मार्च २००३ चा हा १३ पानी कागद संसदेला कधी दाखवलाच नव्हता. त्यात युद्धाच्या कायदेशीरपणाबद्दल जर-तर होते. दहा दिवसांनी संसदेसमोर आलेल्या त्रोटक उत्तरात ते गळाले होते.

रेग कीज त्या निवडणुकीत अपक्ष उभे राहिले, तेही सेजफील्डमध्ये. हा टोनी ब्लेअर यांचा स्वतःचा मतदारसंघ, एकेकाळचा कोळसाखाणींचा मुलूख, मजूर पक्षाचा बालेकिल्ला. माजी पत्रकार-खासदार मार्टिन बेल त्यांच्या मदतीला आले. ५ मे २००५ रोजी कीज यांना ४,२५२ मतं पडली, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडी जास्त. ते चौथे आले. डिपॉझिट मात्र वाचलं. रोझ जेंटल स्कॉटलंडमध्ये सशस्त्र दलांचे मंत्री अ‍ॅडम इंग्रॅम यांच्याविरुद्ध उभ्या होत्या, त्यांचं वाचलं नाही.

बेळगावच्या वाचकाला यात नवल वाटू नये. जिंकण्यासाठी नाही, तर आपलं म्हणणं मतपत्रिकेवर छापून आणण्यासाठी निवडणूक लढवायची हा मार्ग सीमाभागाने कधीच वापरून पाहिलाय. १९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते, ते काही सगळे दिल्लीला जायला निघाले नव्हते.

कीज यांना हवं होतं ते निकालाच्या रात्री मिळालं. ब्रिटनमध्ये निकाल जाहीर होताना सगळे उमेदवार एकाच व्यासपीठावर उभे राहतात. थेट प्रक्षेपण चालू, मागे पंतप्रधान उभे, आणि समोर एक बाप आपल्या मुलाचं आणि त्याच्यासारख्या इतरांचं नाव घेऊन बोलतोय. ब्लेअर यांना तिथून हलता येत नव्हतं. त्यांचा चेहरा त्या मिनिटभरात कॅमेऱ्यांनी टिपला. देशभरात मजूर पक्षाचं बहुमत १६७ वरून ६६ वर आलं होतं. सरकार टिकलं. पुढे २०१६ मध्ये बीबीसीने या प्रसंगावर 'रेग' नावाचा चित्रपट केला, कीज यांची भूमिका टिम रॉथ यांनी केली.

कोरोनरची खुर्ची

या लढ्यातली सर्वांत उपयोगी जागा कुठली, तर संसद नव्हे, मोर्चा नव्हे, कोरोनरचं छोटं कोर्ट. (मुंबईतही पूर्वी कोरोनर असे, जुन्या माणसांना आठवत असेल.) परदेशात मेलेल्या माणसाचा मृतदेह इंग्लंडमध्ये आला की अनैसर्गिक मृत्यूची चौकशी व्हावीच लागते. इराकमधून येणारी विमानं बराच काळ ऑक्सफर्डशायरमधल्या ब्राइझ नॉर्टन तळावर उतरायची, त्यामुळे ऑक्सफर्डच्या कोरोनरकडे प्रकरणांचा ढीग लागला आणि काही घरांना दोन-तीन वर्षं थांबावं लागलं. पण इथे आईबापांना प्रश्न विचारता येत होते. अधिकाऱ्यांना शपथेवर उत्तरं द्यावी लागत. गोळ्या किती होत्या, चिलखत कुणाला दिलं, यंत्र कुठल्या तारखेला गोदामात आलं, हे एकेक तिथेच उघड झालं. स्नॅच लँड रोव्हर ही पातळ पत्र्याची गाडी, मुळात उत्तर आयर्लंडच्या रस्त्यांसाठी घेतलेली, तिला सैनिक 'फिरती शवपेटी' म्हणत हेही असंच सर्वांपर्यंत पोचलं.

कोर्टात काय झालं

आता पहिला धागा. रोझ जेंटल आणि इराकमध्येच मुलगा गमावलेली आणखी एक आई कोर्टात गेल्या. मांडणी अशी : युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम २ नुसार सरकारने जगण्याचा हक्क जपायचा आहे. सैनिक हुकूम आल्यावर जातो, त्याला निवड नाही. मग पाठवण्याआधी युद्ध कायदेशीर आहे की नाही याची नीट खातरजमा करणं सरकारचं त्याच्याप्रती कर्तव्य ठरतं. ते पाळलं का, याची स्वतंत्र चौकशी करा. हायकोर्टात हरल्या, अपिलात हरल्या. ९ एप्रिल २००८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने नकार दिला. युद्धात उतरायचं की नाही हा निर्णय कलम २ च्या कक्षेत येत नाही, असं लॉर्ड बिंगहॅम यांचं म्हणणं. बॅरोनेस हेल यांनी आईची अपेक्षा समजू शकते असं लिहिलं, पण निकाल तोच.

दुसरा धागा मात्र लागला. स्नॅच गाडीत मुलगा गमावलेल्या स्यू स्मिथ आणि इतर कुटुंबांच्या खटल्यात १९ जून २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने संरक्षण मंत्रालयाचा युक्तिवाद फेटाळला. परदेशी रणांगणावर असला तरी सैनिक ब्रिटनच्या अधिकारक्षेत्रातच असतो, आणि सामानाच्या हयगयीबद्दल कुटुंब दावा लावू शकतं. रणांगण म्हटलं की सरकारची जबाबदारी सरसकट संपते, हे कोर्टाने मानलं नाही. ऐन लढाईतल्या निर्णयांना संरक्षण राहिलं. तडजोड होऊन संरक्षण मंत्र्यांचं माफीचं पत्र स्मिथ यांच्या हाती पडलं ते ऑगस्ट २०१७ मध्ये, मुलगा गेल्यानंतर बारा वर्षांनी.

चिलकॉट

चौकशी शेवटी कोर्टाने नव्हे, राजकारणानेच दिली. १५ जून २००९ रोजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी सर जॉन चिलकॉट यांची समिती जाहीर केली, पण कामकाज बंद दाराआड. कुटुंबं भडकली, निवृत्त सेनाधिकारीही बोलले, आणि सुनावणी उघड करावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये स्मरणसभेनंतर ब्लेअर यांनी पुढे केलेला हात पीटर ब्रायर्ली या पित्याने घेतला नाही. त्या हाताला रक्त आहे, असं ते तोंडावर म्हणाले.

अहवाल यायला सात वर्षं लागली. ६ जुलै २०१६. बारा खंड, २६ लाख शब्द. छापील संचाची किंमत ७६७ पौंड आणि ती कुटुंबांनीही मोजावी असं आधी ठरत होतं! ओरड झाल्यावर त्यांना मोफत द्यायचं ठरलं. अहवालाने म्हटलं की शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, युद्ध हा शेवटचा उपाय नव्हता, शस्त्रांबद्दलचे अंदाज नको तितक्या ठामपणे मांडले गेले, युद्धानंतरची तयारी पुरती अपुरी होती, सुरक्षित गाड्या पुरवायला विलंब झाला. कायदेशीरपणावर समितीने निकाल दिला नाही, तो तिचा अधिकारच नव्हता. पण ज्या पद्धतीने कायदेशीर आधार ठरवला ती समाधानकारक नव्हती असा शेरा मारला. ब्लेअर यांनी चुकांबद्दल खेद व्यक्त केला, युद्धाच्या निर्णयाबद्दल नाही.

सगळीच कुटुंबं या बाजूची होती असं समजू नये. आपला मुलगा त्याच्या मनाने गेला, त्याचं काम त्याला पटलं होतं, आता हे चुकीचं युद्ध म्हणून त्याचं मरण हलकं करू नका, असं म्हणणारेही आईबाप होते. काहींना मोर्चावाल्यांचा राग होता. अमेरिकेतही तेच. बगदादमध्ये मुलगा गमावलेल्या सिंडी शीहान ऑगस्ट २००५ मध्ये टेक्सासला अध्यक्ष बुश यांच्या शेताजवळ तंबू ठोकून बसल्या तेव्हा त्यांच्या बाजूने हजारो आले, आणि त्यांच्याविरुद्ध फलक धरणाऱ्यांतही शहीदांची घरं होती.

आपला संबंध

हे सारं परक्याचं वाटलं तरी अगदी तसं नाही. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडेही सैन्य मागितलं होतं, उत्तर इराकसाठी एक पूर्ण डिव्हिजन, सुमारे १७ हजार जवान. संसदेने एप्रिलमध्ये या युद्धाविरुद्ध ठराव केलेला होता, तरी दिल्लीत दोन्ही बाजूंनी जोरदार खल झाला. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू, असं सांगितलं. होकार गेला असता तर बेळगाव, चंदगड, गडहिंग्लज, सैनिक टाकळी, साताऱ्याचं अपशिंगे इथल्या किती घरांत बसरा-मोसुलची पत्रं आली असती याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणि ती वाट आधी एकदा तुडवून झालेलीच आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेल्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. आज ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, तिचेच हे पूर्वज. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ही डिव्हिजन अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. कैदेत अनेक जण मेले. त्यांच्या आयांनी कुणाला काही विचारल्याची नोंद शोधायला जाल तर हाती फारसं लागणार नाही. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार फक्त आकडा दिला. हे स्मारक सद्दाम हुसेन यांच्या काळात, १९९७ मध्ये, मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं गेलं.

इराक आणि अफगाणिस्तान युद्धांचं लंडनमधलं स्मारक ९ मार्च २०१७ रोजी राणीच्या हस्ते उघडलं. त्यावर नावं नाहीत. समारंभाला ब्लेअर हजर होते. आपल्याला बोलावणंच आलं नाही, अशी तक्रार अनेक कुटुंबांनी त्याच दिवशी केली.