अभियोग्यता की संपादणूक : अमेरिकेतील दोन प्रवेशपरीक्षांचा इतिहास

अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी सॅट द्यावी की एसीटी, हा प्रश्न विद्यार्थी आज बहुधा वेळेच्या आणि गुणांच्या हिशेबाने सोडवतात; परंतु या परीक्षा जन्मल्या त्या एका मूलगामी वादातून. विद्यार्थ्याची शिकण्याची उपजत कुवत मोजणारी ती अभियोग्यता चाचणी आणि त्याने शाळेत प्रत्यक्ष काय आत्मसात केले हे तपासणारी ती संपादणूक चाचणी, अशा दोन चाचण्यांपैकी प्रवेशाचा आधार कोणती असावी, हा तो वाद होय.

कॉलेज बोर्ड ही संस्था १९०१ पासून विषयवार लेखी परीक्षा घेत असे. २३ जून १९२६ रोजी तिने ८,०४० विद्यार्थ्यांची पहिली सॅट घेतली, आणि तिचे रचनाकार कार्ल ब्रिगहॅम यांनी पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या वर्गवारीसाठी वापरलेल्या आर्मी अल्फा या बुद्धिमापन चाचणीचा वारसा तिच्यात आणला. याच ब्रिगहॅम यांनी १९२३ च्या ग्रंथात वंशावरून बुद्धीची उतरंड मांडली होती. ती निराधार असल्याचे त्यांनी १९३० मध्ये स्वतःच जाहीरपणे मान्य केले, ही गोष्ट त्यांच्या चुकीइतकीच नोंदवली गेली पाहिजे. पुढे हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी, श्रीमंतांच्या खासगी शाळांबाहेरचे हुशार विद्यार्थी शोधण्यासाठी हीच चाचणी जवळ केली. हेतू उदात्त होता, पण शाळा आणि घर यांचा ठसा पुसून निव्वळ कुवत मोजता येते हे त्यामागचे गृहीतक मात्र कच्चे होते.

आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट यांची भूमिका वेगळी होती. त्यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९५९ मध्ये सुरू झालेली एसीटी इंग्रजी, गणित, सामाजिक शास्त्रे आणि निसर्गविज्ञान या चार भागांची, शालेय अभ्यासक्रमाशी नाते सांगणारी परीक्षा होती, आणि प्रवेशानंतर विद्यार्थ्याला कोणता वर्ग झेपेल हे ठरवण्यासही ती उपयोगी पडावी अशी अपेक्षा होती. मध्य-पश्चिमेकडील सरकारी विद्यापीठांना ती सोयीची वाटली, तर किनारपट्टीच्या राज्यांत सॅटचेच वर्चस्व टिकले. त्यामुळे अनेक दशके ही निवड विद्यार्थ्याने नव्हे, तर त्याच्या पत्त्यानेच केलेली असे.

महाविद्यालये दोन्ही परीक्षांचे गुण स्वीकारू लागल्यावरच निवड खऱ्या अर्थाने विद्यार्थ्याच्या हाती आली, आणि २०१२ मध्ये एसीटी देणाऱ्यांची संख्या सॅटपेक्षा किंचित पुढे गेली. तोवर सॅटने आपल्या नावातील ‘अभियोग्यता’ हा शब्द सोडला होता. २०१६ च्या फेररचनेत चुकीच्या उत्तराला गुण कापण्याची पद्धतही गेली आणि सॅट शालेय अभ्यासक्रमाच्या आणखी जवळ सरकली. एसीटीनेही २०२५ पासून विज्ञानाचा भाग ऐच्छिक करण्यास सुरुवात केली, त्यामुळे लिंडक्विस्ट यांनी चौथा खांब म्हणून उभारलेला विषय घ्यावा की न घ्यावा, ही आणखी एक निवड आता विद्यार्थ्यावर येऊन पडली आहे.